आधी मुलांचं वाक्य, मग कॉर्पस, मग एआय : माझा अनुभव

नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका महाविद्यालयात मी पदव्युत्तर वर्गांना इंग्रजीतून संशोधनलेखन शिकवते. निफाड, दिंडोरी, कळवण, सुरगाण्याहून येणारी बरीच मुलं बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली. विषयात पक्की. द्राक्षावरचा डाऊनी रोग त्यांनी पुस्तकाआधी घरच्या बागेत पाहिलेला असतो. अडतं ते प्रकल्प इंग्रजीत लिहिताना.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि हे अडणं हळूहळू दिसेनासं झालं. मसुदे गुळगुळीत येऊ लागले, पण एखाद्या वाक्यावर बोट ठेवून ‘हे असं का लिहिलंस?’ विचारलं की मूल गप्प. संदर्भयादीतले काही लेख शोधायला गेलं तर ते कधी छापलेच गेले नव्हते. तरीही सरसकट बंदी मला पटेना. ज्याच्या घरी इंग्रजी येणारं कोणी नाही, त्याला रात्री उशिरा शंका विचारायला एक जागा मिळाली होती. ती काढून घेणं अन्याय वाटला.

वाट सापडली ती कॉर्पसमध्ये. खऱ्या लेखनाचा, संगणकावर शोधता येईल असा संग्रह म्हणजे कॉर्पस. यात आपला महाराष्ट्र फार आधीपासून आहे: १९७८ साली छापलेलं भारतीय इंग्रजी लेखन घेऊन कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी दहा लाख शब्दांचा कोल्हापूर कॉर्पस उभा केला. वर्गात मी हे अभिमानाने सांगते.

पण मुलांना हवं होतं त्यांच्याच विषयातलं इंग्रजी. म्हणून प्रत्येक गटाला आपापला छोटा कॉर्पस करायला लावला. मुक्तपणे वाचता येणारे शोधनिबंध उतरवायचे, पीडीएफचा साधा मजकूर करायचा, संदर्भयादी आणि पानावरचे मथळे कापून टाकायचे. हे काम कंटाळवाणं आहे. दोन स्तंभांचं पान असेल तर ओळी एकमेकींत घुसतात, त्या हाताने सोडवाव्या लागतात. एक नियम मी कडक ठेवला: निबंध २०२२ च्या आधीचेच घ्यायचे, म्हणजे एआयने लिहिलेली भाषा संग्रहात शिरणार नाही. मग तो मजकूर अँटकाँकमध्ये घालायचा. टोकियोच्या वासेदा विद्यापीठातले लॉरेन्स अँथनी यांनी केलेलं हे सॉफ्टवेअर मोफत आहे. शब्द टाकला की तो जिथे जिथे आला त्या ओळी एकाखाली एक येतात, शब्द मधोमध.

मुलांच्या मसुद्यांत ‘धिस स्टडी प्रूव्ह्ज’ हमखास असायचं. त्यांनी ते आपल्याच संग्रहात शोधलं, तर जवळपास नाहीच. ‘सजेस्ट’ आणि ‘इंडिकेट’च्या मात्र ओळीच्या ओळी. एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, म्हणजे एवढे मोठे शास्त्रज्ञसुद्धा “असं दिसतं” एवढंच म्हणतात?’ दावा पुराव्याएवढाच करायचा, हे मी फळ्यावर कितीदा लिहिलं होतं. त्या दुपारी ते त्यांनी स्वतः पाहिलं.

एआय येतं यानंतर. त्याला ‘सुधारून दे’ म्हणायचं नाही. ‘माझा दावा कुठे जास्त झालाय ती जागा दाखव, वाक्य बदलू नकोस’ असं सांगायचं. कारण समजलं नाही तर मराठीत विचारायचं. कॉर्पस उदाहरणं देतो, कारण सांगत नाही, तिथे एआयचा मोठा आधार होतो. त्याने एखादा शब्द सुचवलाच, तर तो पुन्हा संग्रहात तपासायचा. एआयने सुचवलेला ‘डेल्व्ह’ (खोलात शिरणं) हा शब्द असाच गळाला. संग्रह लहान असल्यामुळे शब्द सापडला नाही म्हणजे तो चूक, असंही नाही. अशा वेळी आम्ही शंभर कोटींहून जास्त शब्दांच्या कोका या अमेरिकन कॉर्पसमधला शैक्षणिक विभाग बघतो. प्रकल्पासाठी घेतलेल्या शेतकऱ्यांच्या मुलाखती मात्र एआयमध्ये टाकायच्या नाहीत. त्या त्यांनी विश्वासाने दिलेल्या असतात.

प्रकल्पाला आता मी एक पान जोडायला सांगते: एआयला काय विचारलं, काय घेतलं, काय नाकारलं आणि का. तोंडी परीक्षेत त्या पानावर मुलं भरभरून बोलतात. नाकारलेल्या सूचनांबद्दल तर जास्तच.

सध्या मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी असाच संग्रह करायला घेतला आहे. मराठी विश्वकोशाच्या ऑनलाइन नोंदींपासून सुरुवात केली. अँटकाँकच्या सेटिंगमध्ये अक्षरांबरोबर मात्रा-वेलांट्याही शब्दाचा भाग आहेत असं आधी सांगावं लागतं, नाहीतर शब्द तुटतात. आणि ‘निष्कर्ष’ शोधताना शेवटी तारका (*) टाकावी लागते, म्हणजे निष्कर्षाने, निष्कर्षांचा, निष्कर्षावरून ही रूपंही हाती लागतात.