1990 ची शेवरले सी1500: ईसीएम बदलला, त्याआधी काय काय तपासलं

मंडळी, मागच्या नोंदीत गाडी गरम झाली की बंद पडते, एवढ्यावर थांबलो होतो. आता कारण सापडलंय, ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) बदललाय आणि ट्रक व्यवस्थित चालतोय. ऐंशीच्या दशकाचा शेवट ते नव्वदच्या दशकाची सुरुवात या काळातली टीबीआय (थ्रॉटल बॉडीतच पेट्रोल फवारणारी) गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांना उपयोग होईल, म्हणून सविस्तर लिहितो.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात: 1990 चा शेवरले पिकअप, 5.7 लिटर व्ही8, थ्रॉटल बॉडीवर दोन इंजेक्टर, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. ओहायोतली गाडी, म्हणजे दर हिवाळ्यात रस्त्यावरचं मीठ खाल्लेली. ईसीएमचा सर्व्हिस नंबर 1227747. या गाड्यांवर काम करणारे त्याला नुसतं '7747' म्हणतात. जागा ग्लव्ह बॉक्सच्या मागे.

लक्षणं अशी होती. सकाळी थंड इंजिन एका चावीत सुरू. हीटर लावून थोडं अंतर कापलं की 'सर्व्हिस इंजिन सून'चा दिवा अंधूक लुकलुकायला लागायचा, मग इंजिन मिसिंग करायचं, मागून काळा धूर यायचा आणि सिग्नलला गाडी बंद. बॉनेट उघडून थोडा वेळ थांबलं की जणू काही झालंच नव्हतं अशी परत सुरू. पेट्रोल पंप, इग्निशन मॉड्यूल, पिकअप कॉइल या नेहमीच्या संशयितांची तपासणी आधीच्या नोंदींत झाली आहे. फ्युएल प्रेशर 11 पीएसआय मिळालं होतं. टीबीआयला 9 ते 13 लागतं, म्हणजे तिकडे काही खोट नव्हती.

खरा धागा मिळाला तो दिव्यावरून. ड्रायव्हरच्या बाजूला डॅशखाली 12 पिनांचा एएलडीएल (ईसीएमचे कोड आणि डेटा वाचायचा) कनेक्टर असतो. त्यातल्या ए आणि बी पिना वायरच्या तुकड्याने जोडायच्या आणि इंजिन सुरू न करता चावी ऑन करायची. दिवा आधी कोड 12 तीन वेळा दाखवतो: एक लुकलुक, थोडी उसंत, मग दोन लुकलुक. इंजिन फिरत नसल्यामुळे डिस्ट्रिब्युटरकडून पल्स येत नाहीत, एवढाच या 12 चा अर्थ, आणि तो आला म्हणजे ईसीएम शुद्धीवर आहे. साठवलेले कोड त्याच्यानंतर येतात. माझ्या गाडीत थंड असताना 12 स्वच्छ यायचा. बंद पडल्यावर लगेच तपासलं तर दिवा नुसता मंद पेटून राहायचा, लुकलुक नाहीच. 12 आला नाही की संशय चारच गोष्टींवर घ्यायचा: ईसीएमचा सप्लाय, त्याचा अर्थ (म्हणजे ग्राउंडची जोडणी), प्रॉम (गाडीचा प्रोग्राम साठवलेली चिप), किंवा ईसीएम स्वतः. दिवा पेटतोय म्हटल्यावर बल्ब आणि त्याची वायर संशयातून बाहेर.

कोल्हापुरात माझ्या मामाचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. व्हिडिओ कॉलवर त्याला हे दाखवलं तर त्याचं पहिलं वाक्य, "कॉम्प्युटरला हात लावू नकोस रे, आधी अर्थ बघ की." तिकडे 2000 च्या आसपास कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर) आलं तेव्हापासूनच्या गाड्या त्याच्याकडे येतात, आणि चांगले ईसीएम फुकट बदललेले त्याने भरपूर पाहिलेत. मलाही हा क्रम पूर्ण पटतो. ईसीएम हा सगळ्यात शेवटी दोषी ठरवायचा भाग आहे.

तर अर्थ. या इंजिनात ईसीएमच्या अर्थच्या वायरी थर्मोस्टॅट हाउसिंगच्या स्टडवर येतात. अर्थ मोजताना ओहम बघून भागत नाही, लोड चालू असताना व्होल्टेज ड्रॉप बघायचा. इंजिन चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी ईसीएम कनेक्टरच्या ए12 वर मागून टोचली. 0.1 व्होल्टच्या आत हवा होता, मिळाला 0.4. स्टडवरची लग (वायरच्या टोकाची कडी) पांढरट बुरशी आल्यासारखी झाली होती. लग कापून नवीन क्रिंप केली, स्टड वायर ब्रशने घासला, वरून डायइलेक्ट्रिक ग्रीस लावलं. ड्रॉप 0.03 वर आला. सप्लाय (बी1 आणि सी16 वर बॅटरीचा, ए6 वर चावीचा) तिन्ही ठिकाणी बॅटरीइतकाच होता. इंजिनाचा आवाज सुधारला, पण गरम झाल्यावर बंद पडणं तसंच.

मग 5 व्होल्टचा रेफरन्स. ईसीएम सी14 वरून टीपीएस (थ्रॉटल किती उघडलाय ते सांगणारा) आणि मॅप (इनटेकमधला दाब सांगणारा) सेन्सरला नेमके 5 व्होल्ट देतो, करड्या रंगाच्या वायरीवर. हे व्होल्टेज ढासळलं की सेन्सर काय सांगतायत ते ईसीएमला कळेनासं होतं आणि सगळा हिशेब बिघडतो. ग्लव्ह बॉक्स काढला, मीटर लावून ठेवला, चावी ऑन केली आणि हेअर ड्रायरची गरम हवा ईसीएमच्या डब्यावर सोडली. सुरुवातीला 5.01. थोडा वेळ आकडा हललाच नाही. मग 4.8, 4.4, आणि बघता बघता 3 च्या खाली. त्याच क्षणी डॅशवरचा दिवा मंद झाला. ड्रायर बंद करून पंखा लावला तर आकडा हळूहळू परत वर चढला. रस्त्यावरचा बिघाड उभ्या गाडीत, इंजिन बंद असताना, हवा तेव्हा घडवता येतोय, यापेक्षा चांगला पुरावा नाही.

तरी एक पायरी बाकी होती. सेन्सर किंवा त्याची वायर आतून शॉर्ट असेल तरी रेफरन्स खाली ओढला जातो. म्हणून टीपीएस आणि मॅप दोन्हीचे प्लग काढून तीच चाचणी परत केली. आकडा तसाच पडला. आता ईसीएम दोषी.

डबा उघडल्यावर कारण समोरच होतं. एका कोपऱ्यात पाण्याचा वाळलेला डाग, त्याच्या कडेने हिरवट-पांढरी भुकटी. भिंगातून पाहिलं तर रेग्युलेटरच्या पायांभोवती सोल्डरला केसासारखी गोल भेग गेलेली, आणि शेजारचा तांब्याचा ट्रॅक खाल्लेला. गरम झालं की भेग उघडणार, थंड झालं की टेकणार. पाणी आलं पुढच्या काचेच्या उजव्या कोपऱ्यातून. कार्पेटखालचं पॅडिंग तिथे ओलं होतं. तीस वर्षांहून जुन्या सीलंटकडून आणखी अपेक्षा नाही. सोल्डर परत मारता आलं असतं, पण खाल्लेल्या ट्रॅकवर रोजच्या गाडीचा भरवसा ठेवायला मन होईना. तो बोर्ड साफ करून, जंपर टाकून स्पेअर म्हणून ठेवणार आहे.

आता या नोंदीतला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. नवीन ईसीएम लावण्याआधी, तो ज्यांना चालवतो त्या सगळ्या कॉइल्स मोजा. या ईसीएममध्ये सोलेनॉइड आणि रिले चालवायला क्वाड ड्रायव्हर (चार आउटपुट चालवणाऱ्या चिप) असतात, आणि त्यांच्यावरची कॉइल 20 ओहमच्या खाली असेल तर जास्त करंट खेचून ती ड्रायव्हर जाळते. फ्युएल पंप रिले, टॉर्क कन्व्हर्टर क्लच सोलेनॉइड, ईजीआर (एक्झॉस्टचा वायू थोडा परत इंजिनात सोडण्याचा) सोलेनॉइड, सगळे मोजले. आयएसी (आयडल सांभाळणाऱ्या) मोटरच्या दोन्ही कॉइल्सही याच वेळी बघून घ्या. माझ्या ठीक होत्या. ईजीआर सोलेनॉइड मात्र 11 ओहम निघाला. माझा ईसीएम त्याने नाही, पाण्याने मेला. पण हा सोलेनॉइड तसाच ठेवला असता तर नव्याचाही बळी गेला असता. बदलला. इंजेक्टर वेगळे: ते मुळातच दीड ओहमच्या आसपास असतात आणि त्यांचा ड्रायव्हर त्यासाठीच बनवलेला असतो, त्यांना 20 चा नियम लावू नका.

काच काढून, कडेचा गंज खरवडून, प्रायमर मारून नवीन युरेथेनने बसवून घेतली. पाईपने पाणी मारून आतून कोरडं असल्याची खात्री झाल्यावरच ईसीएम मागवला: त्याच नंबरचा, दुरुस्त करून विकतात तो, जुना परत दिला की अनामत मिळते. मी अनामत सोडली, जुना बोर्ड हवा होता.

हा ईसीएम प्रॉमशिवाय येतो. 7747 नंबर बऱ्याच ट्रक-व्हॅनमध्ये सारखाच असला तरी इंजिन, गिअरबॉक्स, एक्सलचा रेशो यानुसार प्रॉम वेगवेगळा. आपला जुना प्रॉमच नव्या डब्यात जायला हवा, आणि शेजारचा कॅलपॅकही (ईसीएममध्ये बिघाड झाला तरी पेट्रोल चालू ठेवणारा छोटा भाग). बॅटरीची निगेटिव्ह काढली, हाताला अँटिस्टॅटिक पट्टा बांधला, प्रॉम त्याच्या कॅरिअरसकट दोन्ही टोकांनी आळीपाळीने हलवत उचलला. बसवण्याआधी प्रोग्रामरवर वाचून फाइल जपून ठेवली. अख्खी 4 किलोबाइट! एवढ्यात व्ही8 चं सगळं पेट्रोल आणि टायमिंग बसवलेलं आहे, आणि ज्यांनी बसवलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. बसवताना खाच जुन्या डब्यात ज्या दिशेला होती त्याच दिशेला ठेवा. उलटा बसवून चावी फिरवली तर चिप गेली.

चावी ऑन. दिवा ठणठणीत पेटला. ए-बी जोडल्यावर 12, 12, 12, बाकी काही नाही. 51 आला असता तर प्रॉम नीट बसला नव्हता, 52 आला असता तर कॅलपॅक. स्टार्टर मारला, इंजिन लगेच धरलं, आधी जरा चढ्या आयडलवर, मग स्थिर. टायमिंगही बघून घेतलं: काळ्या पट्टीची टॅन वायर असलेला बायपास कनेक्टर काढून 0 अंश. कनेक्टर काढल्याने कोड 42 साठतो, तो ईसीएमचा फ्यूज काढून पुसून टाका.

लॅपटॉपला एएलडीएल केबल लावून डेटा पाहिला. हा ईसीएम 160 बॉडने (सेकंदाला 160 बिट) बोलतो, आकडे रमतगमत येतात, पण पुरतात. ब्लॉक लर्न (ईसीएमने शिकलेली पेट्रोलची दुरुस्ती) 128 म्हणजे दुरुस्ती शून्य. माझा 122 ते 126 मध्ये फिरतोय, किंचित रिच, म्हणजे पेट्रोल जरा जास्त. हेअर ड्रायरची चाचणी परत केली, 5.00 जागचा हलला नाही. त्यानंतर हीटर पूर्ण लावून हायवेवर लांब चक्कर, परत येताना गावातले सगळे सिग्नल. कुठेही बंद पडली नाही.

आता तो थोडा रिच आकडा. ऑक्सिजन सेन्सर किती जुना आहे ते माहीत नाही, म्हणून तो बदलून आठवडाभर ब्लॉक लर्न नोंदवणार आहे. कुणाकडे याच इंजिनाचे, याच ईसीएमचे आयडलवरचे आकडे असतील तर पाठवा, ताडून बघता येतील.