स्कीम अठ्ठ्याहत्तर, अर्थात अरण्य

आत्याने रिक्षावाल्याला ‘अरण्य’ असे सांगितले तेव्हा त्याला पत्ता समजला नाही. मात्र ‘अठ्ठ्याहत्तर’ म्हणताच त्याने रिक्षा विजयनगरच्या दिशेने वळवली. आत्याच्या पंचाहत्तरीसाठी मी तीन दिवस इंदूरला आले होते आणि त्यातली एक सकाळ या वसाहतीसाठी आधीच राखून ठेवली होती. नाशिकच्या एका लहान वास्तुरचना कार्यालयात मी बावीस वर्षे नकाशे काढत आहे. एखादे कार्यालय चालवणाऱ्या माणसाची जाण नेमकी कशात दिसते, हा प्रश्न मला अलीकडे फार पडतो, आणि त्याचे उत्तर अरण्यमध्ये शोधावे असे मनात होते.

मुख्यतः गरीब कुटुंबांसाठीची ही वसाहत अहमदाबादचे वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी आणि त्यांची वास्तुशिल्प फाउंडेशन ही संशोधन संस्था यांनी इंदूर विकास प्राधिकरणासाठी, त्याच्या ७८ क्रमांकाच्या योजनेत (स्कीममध्ये), आखली. सुमारे ८५ हेक्टर जमीन, साडेसहा हजार घरे आणि साठ हजार माणसे असा तिचा हिशेब होता. पहिला टप्पा १९८९ साली उभा राहिला आणि १९९५ साली तिला वास्तुरचनेचा आगा खान पुरस्कार मिळाला.

दोशींचा जन्म १९२७ साली पुण्यात, लाकडी सामानाचा व्यवसाय करणाऱ्या एकत्र कुटुंबात झाला. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकून ते पॅरिसला ख्यातनाम वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए यांच्याकडे गेले आणि पुढे अहमदाबादच्या आयआयएमच्या कामात अमेरिकन वास्तुरचनाकार लुई कान यांच्याबरोबर राहिले. असे शिक्षण झालेल्या माणसाने आपली शैली घेऊन इंदूरला यावे आणि एक देखणी वसाहत उभी करून जावे, हे सहज शक्य होते. पण वास्तुशिल्पच्या मंडळींनी माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठातील अभ्यासकांबरोबर आधी इंदूरच्या झोपडवस्त्या पायाखाली घातल्या. लोक घराच्या दाराशी काय करतात, भाजीचा गाडा कुठे उभा राहतो, झाडाखाली कोण बसते, कुटुंब वाढले की खोली कोणत्या बाजूला सरकते, हे त्यांनी मोजून कागदावर उतरवले. याच शहरात स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनीही गल्ल्या हिंडून १९१८ साली होळकर दरबाराला नगररचनेचा अहवाल दिला होता, याची मला तेव्हा आठवण झाली. गरिबाने स्वतःच्या हाताने बांधलेल्या घराकडून शिकण्यासारखे काही आहे, हे मान्य करायला अनुभव तर लागतोच, पण आपल्या हाताखालच्या तरुणांना टेप देऊन अशा वस्तीत पाठवण्याचे धैर्यही कार्यालयाच्या प्रमुखाकडे असावे लागते. मी ज्या कार्यालयांत काम केले, तिथे जागेवर जाण्याआधीच नकाशा तयार असे. त्याचे मला आजही वाईट वाटते.

त्या पाहणीतून जे निघाले ते विलक्षण साधे होते. सर्वांत गरीब कुटुंबाला सुमारे ३५ चौरस मीटरचा भूखंड द्यायचा, त्यावर जोते, पाण्याचा नळ आणि संडास-न्हाणी बांधून द्यायची, ऐपतीनुसार एखादी खोलीही द्यायची, आणि पुढचे घर त्या कुटुंबाने सवडीने, पैसा येईल तसे वाढवायचे. दहा घरांचा एक पुंजका, वीस घरांमागे एक सेप्टिक टाकी. मधोमध बाजाराचा कणा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सहा विभाग. मोठे, महागडे भूखंड कण्यालगत आणि विभागांच्या कडेला, तर गरिबांची घरे विभागाच्या पोटात. मोठ्या भूखंडांच्या विक्रीतून लहान भूखंडांचा खर्च काही अंशी भागवायचा, हेही आराखड्यातच ठरलेले होते. दोशींनी स्वतः फक्त ऐंशी नमुना घरे काढली: ओटा, बाहेरून चढणारा जिना, सज्जा, छोटी गच्ची यांची निरनिराळी जुळणी लोकांना डोळ्यांनी दिसावी, एवढ्यासाठी. अहमदाबादला १९७३ साली आयुर्विमा महामंडळासाठी केलेल्या घरांतही रहिवाशांनी पुढे बदल करावेत असे त्यांनी धरले होते. इंदूरला त्यांनी बहुतेक घरच रहिवाशांच्या हाती सोपवले.

मी त्या ऐंशी घरांचा माग काढत दोन तास हिंडले. बरीचशी ओळखू येत नाहीत. सज्जे बंद झाले आहेत, गच्च्यांवर खोल्या चढल्या आहेत, ओट्यांवर किराणा, शिवणयंत्र, इस्त्रीचे टेबल आहे. अनेक भूखंड मूळ कुटुंबांकडून अधिक सुस्थितीतल्या माणसांकडे गेले, ही या वसाहतीची खरी उणीव आहे आणि ती झाकू नये असे मला वाटते. तरीही लहान गल्ल्यांचा मूळ सांगाडा जागेवर आहे. सकाळी अकराच्या उन्हातही एका बाजूला सावली होती आणि त्या सावलीत बायका लसूण सोलत बसल्या होत्या.

माझ्या हातातला टेप पाहून त्यांतल्या एक आजी मराठीत बोलल्या. त्या मूळच्या बऱ्हाणपूरच्या.

“मोजणीवाल्या का तुम्ही?”

“नाही आजी, मी नाशिकची. घर बघायला आले आहे.”

“मग बाहेरून काय दिसणार, आत या.”

घर तीन मजली होते. तळाला त्यांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो, वर सुना राहतात. आले तेव्हा एक खोली होती, स्वयंपाकघर यजमानांनी दोन वर्षांनी बांधले, पहिला मजला थोरल्या मुलाच्या लग्नाला आणि दुसरा धाकट्याच्या, असे त्यांनी क्रमाने सांगितले. घराचा इतिहास त्यांच्या बोलण्यात लग्नांच्या हिशेबाने येत होता. मी न्हाणीघर कुठे आहे असे विचारले, तेव्हा त्यांना नवल वाटले, पण त्यांनी दार उघडून दाखवले. निळ्या टाइल्स नव्या होत्या, गीझरही होता.

“ही जागा तुम्ही बदलली का?”

“हिला कोण हात लावणार? पाइप इथूनच जातो ना. बाकी सगळं हिच्याभोवती बांधलं.”

मी दारातून मागच्या भिंतीपर्यंतचे अंतर मोजले आणि वहीत घराची आखणी काढली: आधी ती न्हाणी, मग तिच्याभोवती एकेक खोली, आजींनी सांगितलेल्या क्रमाने. नकाशा पुरा होईपर्यंत चहा आला होता. आजींनी वही हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि दुसऱ्या मजल्यावरची एक खिडकी मी विसरले होते, ती बोटाने दाखवली.