हातात कमी, हातावेगळं जास्त: आमची वाटचाल

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत, सुट्या भागांच्या एका कारखान्यात मी प्लॅनिंग विभागात होते. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा प्रकल्प वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या आधारानं प्रेस शॉप, मशीन शॉप, रबर, प्लास्टिक असे माल पुरवणारे लहान-मोठे व्हेंडर वाढत गेले. आमचा कारखाना त्यातलाच एक. कोणत्या मशीनवर कोणता जॉब कधी लागणार, हे ठरवणं माझं काम. आज माझी स्वतःची संस्था आहे. आम्ही डॉक्टर, सीए, बँकेतले अधिकारी, मुख्याध्यापिका अशा कामाखाली दबून गेलेल्या माणसांबरोबर बसतो आणि त्यांच्या कामाची घडी बसवून देतो. त्यांना जे शिकवतो, ते सगळं मी त्या शॉपफ्लोअरवर शिकले.

तिथं एक गोष्ट रोज दिसायची. ऑर्डर वेळेत जात नाही म्हटलं की आणखी जॉब चालू करायचे. मग सगळ्या मशीन धडधडतायत, माणसं घामाघूम, आणि ट्रॉल्यांमध्ये अर्धवट माल साचलेला. संध्याकाळी गाडीत भरायला मात्र पुरा झालेला माल थोडाच. यामागं साधं गणित आहे आणि अमेरिकेतले अभ्यासक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये ते सिद्ध केलं आहे. आत अडकलेल्या कामांना रोज बाहेर पडणाऱ्या कामांनी भागलं की एका कामाला सरासरी किती वेळ लागेल ते कळतं. समजा, एखाद्या ऑफिसात १२० फाइली उघड्या आहेत आणि रोज ६ पूर्ण होतात. एक फाइल सरासरी २० दिवस लोळत पडणार. उघड्या फाइली ४० वर आणल्या की तीच फाइल सात दिवसांच्या आत बाहेर. माणूस वाढला नाही, वेगही वाढला नाही. उरलेल्या ८० फाइली बाहेर थांबतात हे खरं, पण त्या डोक्यावर बसत नाहीत, आणि त्यांच्या मालकांना खरी तारीख सांगता येते. टोयोटात ताइइची ओहनो यांनी कानबान, म्हणजे पुढच्या टप्प्यानं मागितलं तेवढंच बनवायची चिठ्ठ्यांची पद्धत, बसवली, त्यातही अर्धवट माल साचू न देणं हाच गाभा आहे.

माणूस थकतो तो कामाच्या ढिगानं, असं सगळे समजतात. माझं मत वेगळं आहे. एकाच वेळी किती कामं उघडी आहेत, यानं माणूस थकतो. आमची संस्था या एका मतावर उभी आहे.

लेकरांच्या शाळेसाठी मी नोकरी सोडली आणि गारखेड्यात घरी होते. तेव्हा जालन्याची माझी मावसबहीण आली. ती सीए आहे. जालना म्हणजे बियाण्याच्या कंपन्या, सळईच्या मिल आणि जुनी मोठी बाजारपेठ, त्यामुळं कामाला तोटा नाही. पण महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी अशा कर भरण्याच्या आणि विवरणपत्रांच्या तारखा, आणि त्यावर सप्टेंबरअखेर ऑडिट. म्हणाली, "ताई, सकाळी नऊपासून खुर्चीत असते, आणि रात्री बघावं तर एकही फाइल संपलेली नसते."

मी तिच्या ऑफिसात जाऊन नुसती बसले. टेबलावर फाइली, खिडकीत फाइली, तिच्याकडच्या मुलांच्या मांडीवर फाइली. कुणी एक उघडली की आतलं बँक स्टेटमेंट आलेलं नाही. फोन लावला, समोरचा म्हणाला उद्या देतो, फाइल मिटली, दुसरी उघडली. तिच्यात खरेदीची बिलं अपुरी. दिवसभर हेच. काम करायचं राहूनच जात होतं, नुसती उघडझाप चालली होती.

आम्ही दोनच नियम केले. कागद पूर्ण आल्याशिवाय फाइल टेबलावर येणार नाही, आणि एका माणसाकडं एका वेळी तीनच फाइली. बाकीच्या कपाटात, प्रत्येकीवर चिठ्ठी: काय अडलंय, कुणाकडं अडलंय, कधी विचारायचं. एक जुने व्यापारी काका चांगलेच रागावले. "आमची फाइल कपाटात ठेवता का बाई?" बहिणीनं चिठ्ठी दाखवली. त्यांच्याच दोन पुरवठादारांची बिलं यायची होती. दुसऱ्या दिवशी मुलगा बिलं घेऊन हजर. त्या वर्षीच्या सप्टेंबरात तिच्या ऑफिसातली मुलं रात्रीच्या जेवणाला घरी असायची. तिच्या ओळखीतले सीए विचारायला लागले, मग त्यांचे पक्षकार, मग पक्षकारांचे डॉक्टर. जाहिरात आम्ही अजून केलेली नाही.

डाय, म्हणजे मशीनमधला साचा, बदलायला वेळ लागतो, हे प्रेस शॉपमधल्या कुणालाही सांगावं लागत नाही. तो वेळ कमी कसा करायचा यासाठी शिगेओ शिंगो यांनी जपानमध्ये पद्धतच तयार केली. माणसाच्या डोक्याची डाय बदलायलाही वेळ लागतो, पण तो कुणी धरतच नाही. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला: पहिलं काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडं वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्यातच गुंतून राहतो आणि दुसरं काम कच्चं होतं. मला हे वाचून नवल वाटलं नाही. वाटलं, आपल्या सुपरवायझरना हे ठाऊक होतं, फक्त ते मशीनपुरतं मानत होते.

आमच्याकडं कुणी आलं की पहिल्या आठवड्यात आम्ही काहीही सुधारायला सांगत नाही. एक दोनशे पानी वही देतो. आलेलं प्रत्येक काम लिहायचं: कुणी दिलं, कशातून दिलं (फोन, व्हॉट्सअ‍ॅप, समोर येऊन), कधीपर्यंत हवं असं सांगितलं. ॲपचा आग्रह आम्ही मुद्दाम धरत नाही. ज्या मोबाइलमुळं लक्ष तुटतं, त्यातच कामाची यादी ठेवली तर यादी बघायला गेलेला माणूस मेसेज वाचून बाहेर येतो.

लातूरचे एक डॉक्टर ही वही घेऊन आले तेव्हा फार बोलून गेले. "मॅडम, रात्री अकराला रिपोर्टचे फोटो यायलेत, सकाळी साडेसहाला फोन यायलेत. मी पेशंट बघू की मोबाइल बघू?" वहीत बघितलं तर रात्रीच्या मेसेजांमध्ये तातडीचे अगदी मोजके. बाकी सगळे रिपोर्ट दाखवणं, गोळी जेवणाआधी की नंतर, अपॉइंटमेंट मिळेल का. उपाय साधा निघाला. तातडीसाठी वेगळा नंबर, तो नर्सिंग स्टाफ उचलणार. रिपोर्टसाठी दुपारी ठरलेला तास. गोळ्यांचं वेळापत्रक मोठ्या अक्षरात, मराठीत, प्रिस्क्रिप्शनबरोबर छापून. आणि ओपीडीच्या भिंतीवर पाटी. डॉक्टरांना भीती होती की पेशंट दुसरीकडं जातील. लातूरसारख्या गावात ही भीती खोटी नाही, म्हणून आम्ही पाटीवरचं वाक्य त्यांच्या मावशींना, आयाबाईंना वाचून दाखवून ठरवलं. "रिपोर्ट रोज दुपारी तीन ते चार या वेळात डॉक्टर स्वतः बघतील." यात नकार कुठंच नाही. पेशंटला काय मिळणार आणि कधी मिळणार, तेवढंच आहे.

आपल्याकडं हा भाग सगळ्यात नाजूक असतो. काम सांगणारा कधी मामा असतो, कधी गावाकडचा शेजारी, कधी ज्यांच्यामुळं नोकरी लागली ते सर. त्यांना तोंडावर नाही म्हणा, असं शिकवणं मला पटत नाही आणि इथं ते चालतही नाही. आम्ही तारीख द्यायला शिकवतो. "आज होणार नाही दादा, गुरुवारी दुपारी नक्की देते." आणि गुरुवारी दुपारी द्यायचं. दोनदा असं घडलं की समोरचा माणूस रोज विचारणं सोडतो, कारण त्याचा विश्वास बसलेला असतो.

बायकांच्या वहीसाठी आमचा एक वेगळा नियम आहे: घर आणि ऑफिस एकाच यादीत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावरचा रोजचा वेळ सरासरी २८९ मिनिटं आणि पुरुषांचा ८८ मिनिटं निघाला. पावणेपाच तासांहून जास्त काम यादीबाहेर ठेवून "तुमचं नियोजन कुठं चुकतं" असं एखाद्या बँक ऑफिसर ताईला विचारणं अन्यायाचं आहे. आमच्या छत्रपती संभाजीनगरात कित्येक भागांत नळाला काही दिवसांआड पाणी येतं. जायकवाडी जवळ असूनही ही स्थिती आहे. पाण्याचा दिवस हा कामाचाच दिवस आहे. तो यादीत लिहिला की त्या दिवशी सकाळी मीटिंग ठेवायची नाही, हे आपोआप ठरतं. आणि यादी घरातल्या सगळ्यांनी वाचली की ड्रम भरायला आणखी हात येतात. एका ताईंच्या सासऱ्यांनी वही वाचून भाजी आणणं आणि लेकरांना क्लासला सोडणं स्वतःकडं घेतलं. मला त्या दिवशी फार आनंद झाला होता.

लॉकडाऊनमध्ये, २०२० ला, बैठका मोबाइलवर आल्या आणि आमचा पसारा आपोआप वाढला. नांदेड, परभणी, धाराशिवची माणसं घरबसल्या जोडली गेली. तेव्हाच उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, केली. ती ऑनलाइन होते आणि तिला शुल्क नाही, हे मी प्रत्येक नव्या उद्योजिकेला सांगते, कारण त्याचे पैसे घेणारे लोक बाजारात आहेत. पुढं ज्योतीनगरला दोन खोल्यांचं ऑफिस घेतलं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या सगळ्या जणी लग्नानंतर किंवा बाळंतपणात नोकरी सुटलेल्या आहेत: एक एचआरमधली, एक बँकेतली, एक इंजिनीअर. आम्हीही एका वेळी ठरावीक माणसंच घेतो.

कारखानदारांचे फोन येतात, "आमच्या पोरांना जरा प्रॉडक्टिव्हिटी शिकवा." आम्ही म्हणतो, आधी सर तुम्ही स्वतः वही भरा. मालक रात्री ग्रुपवर पाच सूचना टाकतात आणि सकाळी सहावी तातडीची होते, तोवर पोरांना शिकवून काय होणार? काही जण हे ऐकून थांबतात. जे बसतात त्यांच्याकडं बदल टिकतो. माणसांकडून जास्त तास पिळून काढण्यासाठी आम्ही काम करत नाही, मोबदला कितीही असो.

आमची एक हद्दही आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद केली ती आजार म्हणून नव्हे, कामाशी निगडित अवस्था म्हणून. त्यामुळं कामाची घडी बदलून बराच फरक पडतो. पण झोप उडालेली, जेवण सुटलेलं, जगण्यातच रस नाही असं कुणी बोललं की आम्ही वही बाजूला ठेवतो आणि मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवतो. गरज पडली तर सोबत जातो.

सध्या माझा जीव गुंतलाय तो जिल्हा परिषदेच्या मुख्याध्यापिकांमध्ये. यूडायस या सरकारी पोर्टलवर भरायची शाळेची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, कुठली तरी तातडीची लिंक, त्यात कुणाकडं बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम. परभणीकडच्या एक बाई म्हणाल्या, "ताई, शिकवायचं तेवढं राहून जातं." ही कामं त्यांनी मागितलेली नाहीत आणि थांबवणं त्यांच्या हातात नाही. तिथं आमचे नियम जसेच्या तसे लागत नाहीत. मग आम्ही उलटी बाजू धरली: शिकवण्याचे दोन तास आधी पक्के करायचे, माहितीच्या लिंक एका केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) शाळांनी मिळून एका ठरलेल्या दुपारी भरायच्या, ज्या बाईंना ज्या पोर्टलचा हात बसलाय त्यांनी इतरांना दाखवायचं. दोन-तीन केंद्रांत हे चालू आहे. त्यांच्याकडून आम्ही शुल्क घेत नाही. सीए आणि कारखानदारांच्या शुल्कातून तो खर्च निघतो.

पुढची नवी बैठक दिवाळीनंतर आहे, कारण आत्ता घेतलेल्यांचं काम पूर्ण व्हायचंय. यायचं असेल तर आधी एक आठवडा वही भरा, साधी कुठलीही चालेल, आणि ती घेऊनच या. घरचं कुणी सोबत आलं तर आणखी चांगलं.