स्फटिकाची डबी आणि तेरा खापऱ्या

सोपाऱ्याच्या स्तूपातले करंडक, म्हणजे पवित्र अवशेष ठेवायच्या डब्या, बघायला मिळतायत असं कळलं आणि मे महिन्याच्या उन्हात चर्चगेटहून टाऊन हॉल गाठला. सोबत मावसभाऊ विजू. झवेरी बाजारात कारागीर आहे. सोन्याचं काम बघायचं तर सोनार हवाच.

१८८२ साली पुरातत्त्व अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी नालासोपाऱ्याचा ‘बुरूड राजाचा कोट’, म्हणजेच हा स्तूप, खणला. आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा अंडाकृती करंडक, भोवती आठ छोट्या मूर्ती : होऊन गेलेले सात बुद्ध आणि पुढे येणारा मैत्रेय. तांब्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सगळ्यांच्या पोटात सोन्याचा. शिवाय सोन्याची फुलं आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं.

विजू अडकला स्फटिकापाशी. “सोनं चुकलं तर वितळवता येतं रे. हे आतून पोखरताना तडा गेला की महिन्याभराची मेहनत पाण्यात. कुरुंदाच्या भुकटीनं घासत बसला असणार बिचारा.” सोन्याकडे त्यानं ढुंकूनही बघितलं नाही, मी मात्र त्यासाठीच त्याला आणलेलं.

नाणं दुसऱ्या शतकातलं, मूर्ती आठव्या-नवव्या शतकाच्या. मधे कुणीतरी पेटी उघडली असणार.

“आणि एक फूलही उचललं नाही?” विजूनं विचारलं.

“आधी किती होती हे आपल्याला कुठं माहीत?”

तेवढ्यात पांढऱ्या साडीतल्या एक आजी नातवाचा हात धरून आल्या. चपला लांब काढलेल्या. नातू सोनं दाखवत होता, तर त्या म्हणाल्या, “ते राहू दे, पात्राचे तुकडे कुठायत?” सोन्याच्या करंडकात निघालेल्या मातीच्या तेरा खापऱ्या बुद्धाच्या भिक्षापात्राच्या मानतात. आजींनी हात जोडले, डोळे मिटले, आणि मागून एका सेल्फीवालीनं “आजी, जरा सरका ना” म्हटलं. माझं डोकंच फिरलं. गर्दी समजू शकतो, पण हा उर्मटपणा? मी वळून काहीतरी बोललो, ते इथं लिहीत नाही.

आजी शांतपणे सरकल्या. विजू सोनार आहे हे कानावर पडलं असावं. “बाळा, ह्या डबीला किती सोनं लागलं असेल रे?”

विजूनं काचेला नाक लावून अंदाज सांगितला. त्यांना तो पटला नाही. जुनं सोनं जड असतं, त्यांच्या आईच्या बोरमाळेवरून त्यांना पक्कं ठाऊक होतं.