रणगाडा मळवताना

सासूबाईंनी माझा रणगाडा पुसला. ओल्या फडक्याने, चांगला रगडून. आणि पुसून परत टीव्हीशेजारी होता तिथे ठेवून वर मलाच म्हणाल्या, अगं किती धूळ बसली होती त्या खेळण्यावर, तुझं लक्ष कुठे असतं.

ती धूळ बसलेली नव्हती हो, मी बसवलेली होती. तीन रविवार लागले होते. कुंडीतली माती उन्हात वाळवायची, चहाच्या जुन्या गाळणीतून दोनदा चाळायची, त्यात खडूची पूड आणि एक्स्पायर झालेली तपकिरी आयशॅडो खरवडून घालायची, आणि मग बारीक ब्रशने चाकांच्या मधे, साखळीच्या खाचांत, मडगार्डच्या कोपऱ्यांत चिमूट चिमूट भरायची. शेवटी ती पक्की करायला एक द्रव सोडतात वरून, तेवढं मी पुढच्या रविवारवर टाकलं होतं. म्हणजे चूक तशी माझीच.

आता शेहेचाळीस वर्षांची, बँकेत नोकरी करणारी बाई घरी रणगाडे करते म्हटल्यावर लोक आधी नीट ऐकू न आल्यासारखं करतात आणि मग विचारतात, "अरे वा, क्विलिंगपण करता का?" क्विलिंग करत नाही. हे सुरू झालं ते चिरंजिवांच्या दहाव्या वाढदिवसाला आणलेल्या शर्मन रणगाड्याच्या किटपासून, त्याने दोन चाकं चिकटवली, दोन बोटं चिकटवली आणि विषय संपवला, बॉक्स गेला माळ्यावर. दोन वर्षांनी दिवाळीची साफसफाई करताना मी तो खाली काढला, टाकून द्यायला म्हणूनच काढला, आणि रात्री अकरा वाजता फराळाचं सगळं आवरून डायनिंग टेबलावर सूचनांचा कागद पसरून बसले ती बसलेच.

खरं सांगू का, या छंदाला लागणारी निम्मी हत्यारं बाईच्या ड्रॉवरमध्ये असतातच. प्लॅस्टिकचे पार्ट एका चौकटीला जोडलेले येतात, त्यांना स्प्रू म्हणतात, पार्ट कापून काढला की तिथे टोक राहतं ते घासायला नेलफाइल. बारीक पार्ट धरायला भुवयांचा चिमटा. धूळ लावायला मेकअपचे जुने ब्रश. आणि सगळ्यात भारी म्हणजे हेअरस्प्रे, भाचीच्या लग्नातला अर्धा कॅन उरला होता तो. आधी गंजाचा रंग द्यायचा, त्यावर हेअरस्प्रे, त्यावर वरचा हिरवा, आणि मग ओल्या ब्रशने हळूच घासलं की पाण्याने खालचा हेअरस्प्रे विरघळतो आणि हिरव्याचे टवके निघून गंज दिसायला लागतो. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी एकटीच ओरडले होते स्वयंपाकघरात. गोंदसुद्धा आपल्याला वाटतो तसा गोंद नसतो, पाण्यासारखा पातळ असतो, दोन पार्ट जुळवून धरले आणि फटीला नुसता ब्रश टेकवला की आपला आपण फटीत पळतो, प्लॅस्टिक किंचित वितळवतो आणि दोन्ही पार्ट एकमेकांत मुरतात. चुकीचं लागलं की मग बसा.

बहुतेक रणगाडे असतात 1/35 मापाचे. हा पस्तीस आकडा कुठून आला हे मला बरेच दिवस कळेना, कारण ना तो पंचवीस, ना पन्नास, फुटा-इंचाच्या हिशोबातही बसत नाही. तर त्याचं मूळ जपानमधल्या शिझुओकाच्या टामिया कंपनीकडे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं, आत मोटर आणि बॅटऱ्या बसतील एवढा त्याचा आकार ठेवला, आणि मग मोजून बघितलं तर साधारण पस्तिसावा भाग भरला. म्हणजे सेल मावावेत म्हणून ठरलेलं माप, आणि आज जगभरातली शहाणीसुरती माणसं त्या मापात अर्ध्या मिलिमीटरवरून भांडतात. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज दरवाज्यापेक्षा उंच असतात, वाघ मावळ्याएवढा असतो, पायथ्याशी चार चाकांची अँब्युलन्सही उभी असते, कुणाची काही तक्रार नसते. मी या दोन्ही टोकांच्या मधे कुठेतरी आहे.

तर हा जो पुसला गेला तो सेंच्युरियन, ब्रिटिश बनावटीचा. शर्मन झाला, एक जर्मन झाला, मग वाटलं आपल्या लष्कराचा एक करावा, आणि करायचाच तर पूना हॉर्सचा करावा. नाव पुण्याचं म्हणून नव्हे फक्त. या एका रेजिमेंटकडे दोन परमवीर चक्रं आहेत, 1965 चे लेफ्टनंट कर्नल तारापोर, मुंबईत जन्मलेले आणि पुण्यात शाळेत शिकलेले, आणि 1971 चे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल, जन्म पुण्याचा. दोघांचेही रणगाडे सेंच्युरियनच. खेतरपाल नगरला यंग ऑफिसर्स कोर्स करत होते, युद्ध लागलं म्हणून कोर्स अर्धवट टाकून रेजिमेंटमध्ये गेले. 16 डिसेंबरला बसंतर नदीपलीकडे पुढच्या तुकडीवर पॅटन रणगाड्यांचा मोठा हल्ला आला तेव्हा हे मोजके रणगाडे घेऊन पुढे घुसले. स्वतःच्या रणगाड्याने पेट घेतल्यावर बाहेर पडायचा हुकूम झाला, तर रेडिओवर सांगितलं की माझी तोफ अजून चालतेय. तिथेच गेले. एकवीस वर्षं आणि दोन महिने वय. त्या रणगाड्याचं नाव होतं फामागुस्ता, सायप्रसमधल्या बंदराचं नाव. ते नाव मला माझ्या टेबलावर हवं होतं.

पण किटमध्ये फामागुस्ता नव्हता. किट होतं ब्रिटिशांच्या मार्क थ्रीचं, म्हणजे सेंच्युरियनच्याच आधीच्या आवृत्तीचं, आपल्याकडचे मार्क सेव्हन. नवऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, तसे ते कुणालाही दिसतील, पण मार्क सेव्हनच्या तोफेच्या नळीवर मधे एक फुगवटा असतो, दुधीच्या मधोमध बांगडी अडकावी तसा. गोळा सुटल्यावर नळीतला धूर टरेटमध्ये, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजात, माणसांच्या तोंडावर येऊ नये, पुढून बाहेर ओढला जावा, यासाठीची ती सोय. तो फुगवटा मी एमसीलने केला. हो, नळाला लावतो तेच एमसील. चार वेळा केला. तिसऱ्या वेळी इतका छान झाला की बघायला उचलला आणि पाडला. बाकीचे फरक जाणकारांनी पोटात घालावेत.

पाडण्यावरून आठवलं, या छंदाचा खरा शत्रू कोण असेल तर आमच्या घरातली मोझॅइकची फरशी. पांढरा, काळा, करडा, मधेच हिरवा ठिपका, कॅमफ्लाज म्हणून जगातल्या कुठल्याही सैन्याने ती घ्यावी. टरेटवरच्या झाकणाचं एक हँडल, जिऱ्याएवढं, चिमट्यातून सुटलं आणि गेलं. मी टॉर्च फरशीला आडवा लावून, गाल जमिनीला टेकवून दीड तास शोधत होते. सापडलं काय, तर मुलाचा दुधाचा दात, जो मुंगीने नेला असं आम्ही त्याला सांगितलं होतं. हँडल शेवटी पीनची तार वाकवून केलं. सहा महिन्यांनी ते मूळचं सापडलं, केरसुणीत.

साखळीच्या कड्या तर विचारूच नका. किटबरोबर रबरी पट्टा येतो तो नुसता गुंडाळायचा, पण तो खऱ्यासारखा लोंबत नाही म्हणून मी सुट्या कड्यांचा सेट घेतला, एका बाजूला शंभरेक कड्या, प्रत्येक कडी कापायची, घासायची, पुढचीत अडकवायची, आणि मग दुसरी बाजू. त्यात सेंच्युरियनला बाजूने पत्र्याच्या झडपा असतात, साखळीचा वरचा अर्धा भाग त्यांच्यामागे गडप होतो, कधीही कुणालाही दिसणार नाही. तरी केल्या मी सगळ्या. का ते विचारू नका, आमच्या आई साडीचा फॉल आतूनसुद्धा एकसारख्या टाक्यांनी लावायच्या, तसलंच काहीतरी असणार.

रंग मात्र सुखाचा भाग. पातळ पातळ हात द्यायचे. आणि बाटलीतला हिरवा तसाच द्यायचा नाही, त्यात थोडा मातकट पिवळा मिसळायचा, कारण एवढ्याशा वस्तूवर खरा रंग दिला तर तो काळपट, जड दिसतो, लांबून बघताना मधली हवा रंग फिका करते ती हवा आपण ब्रशने घालायची. कमांडरचा पुतळा पाच सेंटिमीटरपेक्षा थोडा कमी, त्यात तो टरेटमधून कमरेपर्यंतच बाहेर, त्याचा डोळा मिलिमीटरभरसुद्धा नाही. पेणचे मूर्तिकार गणपतीच्या डोळ्यांची आखणी कशी श्वास रोखून करतात ते मी एकदा बघितलंय, मी तसाच श्वास रोखला, आणि कमांडर तिरळा झाला. मग त्याला जरा खाली बघायला लावलं, पापणी मिटल्यासारखी.

तर रंग झाला, फामागुस्ता ही अक्षरं हाताने लिहून झाली (किटच्या स्टिकरमध्ये कुठून असणार), जेएक्स 202 नंबर झाला, आणि रणगाडा असा काही देखणा दिसायला लागला की नवरा म्हणाला, बास, आता हात लावू नकोस. हाच क्षण कठीण असतो. कारण एवढं झाल्यावर तो घाण करायचा असतो. आधी वॉश, म्हणजे टर्पेंटाइनमध्ये तपकिरी ऑइल कलर पातळ करून सगळ्या फटींत सोडायचा, मग टवके, मग ओघळ, मग चिखल, मग धूळ. बायकांना विशेष जड जातं हे असं माझं मत आहे, आपलं अख्खं आयुष्य उलट दिशेने चाललेलं असतं.

शिवाय घाण कुठे आणि किती, हे शिकायचं कुणाकडून? मी खास नगरला जाऊन आले. तिथल्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने 1994 मध्ये उभं केलेलं रणगाड्यांचं म्युझियम आहे, जगभरचे रणगाडे, रोल्स रॉइसची सिल्व्हर घोस्ट चिलखती गाडीसुद्धा, जरूर बघा. खुद्द फामागुस्ताही युद्धानंतर दुरुस्त होऊन नगरच्या त्याच सेंटरमध्ये जपलेला आहे. मी म्युझियममधल्या सेंच्युरियनसमोर पाऊण तास उभी होते. हात लावला, उन्हाने तापलेला होता. पन्नासेक टन लोखंड, आणि आत रोल्स रॉइसचंच मिटिऑर इंजिन, लढाऊ विमानांच्या मर्लिन इंजिनापासून केलेलं. पण धुळीचा अभ्यास काही झाला नाही, कारण तो अगदी नवरदेवासारखा रंगवून उभा. म्युझियममध्ये असंच असायला हवं म्हणा, पण मला लग्नातला फोटो नको होता, कामावरचा हवा होता.

आणि कामावरचा फोटो मिळाला घरातच. पुसण्याचं प्रकरण झालं त्या रात्री मी गाल फुगवून बसले होते, सासूबाईंना वाईट वाटलं असावं, त्या रणगाडा घेऊन चष्मा लावून बाल्कनीत बसल्या आणि म्हणाल्या, "तू चुकीची धूळ लावली होतीस पण." मी म्हटलं, "म्हणजे?"

त्यांचं माहेर नगर जिल्ह्यातलं. केके रेंजवरचे, म्हणजे लष्कराच्या सरावाच्या मैदानावरचे, तोफांचे आवाज ऐकत मोठ्या झाल्या, घरी पितळी भांडी थरथरायची म्हणे फडताळात. त्यांनी रणगाड्यांचं सोडून बैलगाड्यांचं सांगायला सुरुवात केली. मढीच्या यात्रेला गावातून वीस-वीस गाड्यांची रांग निघायची, शिमग्यानंतरचे दिवस, रस्ता म्हणजे नुसता फुफाटा. "तू सगळीकडे सारखी भुकटी मारलीस. तशी नसते बसत. चाकाखालची उडते ती मागे जाते, म्हणून गाडीचा मागचा भाग पांढरा, पुढचा त्या मानाने बरा. जिथनं माणूस चढतो-उतरतो तिथे धूळ ठरतच नाही, लाकूड सुद्धा गुळगुळीत होतं. आणि चाक सगळं मातीत बरबटलं तरी धाव चकचकीत असते, आरशासारखी."

धाव. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी पट्टी. मी उठले आणि मुलाच्या कंपासमधली मऊ शिशाची पेन्सिल आणली, साखळीच्या कड्यांचा जमिनीला टेकणारा भाग, दात असलेल्या चाकाचे दात, सगळ्यांवर शिसं घासलं, आणि खरंच, प्लॅस्टिकचं लोखंड झालं. चढायच्या जागा, झाकणाच्या कडा, तिथेही थोडं. आणि गंमत म्हणजे त्यांच्या फडक्याने फटींमध्ये जी धूळ उरली होती, बोल्टांच्या कडेला, झाकणाच्या बिजागरीत, ती माझ्या तीन रविवारांपेक्षा खरी दिसत होती. हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी परत माती चाळली. या वेळी मागे जास्त, पुढे कमी, चाकांपाशी नदीतला चिखल म्हणून माती आणि फेव्हिकॉल. पक्कं करायच्या आधी, शहाणपणा सुचून, बाल्कनीत नेऊन त्यांना दाखवला. त्यांनी चारही बाजूंनी फिरवला. झडपा बघितल्या, कमांडर बघितला, हा झोपलाय का म्हणून विचारलं. मग बोटाने न शिवता पुढचा भाग दाखवून म्हणाल्या, "हा रांगेत कितवा होता?"

मी म्हटलं, "आई, हा पुढेच होता."

"मग याच्या तोंडावर एवढी धूळ कुणाची?"

आणि मांडीवरचं फडकं माझ्याकडे सरकवलं. कोरडं होतं या वेळी.