अजिंठ्याचा निळा आणि मावशीची भिंत

पावसाळा संपता संपता जळगावजवळ मावशीकडे चार दिवस राहायला गेले होते, त्यातला एक दिवस अजिंठ्याला काढला. मावशी म्हणाली, मी पण येते, सगळा जन्म इथं गेला पण लेणी काही नीट बघितली नाहीत. मग काय, सकाळची एसटी पकडली, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आणि कपाशी, मधे मधे नांगरलेली ओली काळी जमीन. फर्दापूरच्या फाट्यावर उतरून पुढचे चारेक किलोमीटर लेण्यांच्या बसनं जायचं. फाट्यावर स्फटिक विकणारे बरेच असतात, पांढरे, गुलाबी, मधेच एखादा पोपटी हिरवा. घाईत पुढे जाऊ नका, जरा हातात घेऊन बघा. आपल्याच काळ्या दगडाच्या, म्हणजे बेसाल्टच्या, पोकळ्यांमधून निघालेले असतात ते.

मी गेले होते ते खास रंग बघायला. फोटो काढायचं वेड लागल्यापासून हा एक प्रश्न डोक्यात आहे की फोटोतला रंग आणि डोळ्याला दिसलेला रंग एक का नसतो. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात चपला काढून आत शिरलो तर बाहेरच्या उन्हातून आल्यामुळे काहीच दिसेना. मी लगेच फोन काढला, फ्लॅशला बंदी आहे (आणि असायलाच पाहिजे) म्हणून नाईट मोड लावला, आणि स्क्रीनवर पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, एकदम लख्ख उजेडात आल्यासारखा दिसला, अंग नारिंगी, मागचा अंधार राखाडी. मला आधी भारीच वाटलं. तिथला राखणदार म्हणाला, ताई फोन ठेवा, पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहा, डोळ्याला सवय होऊ द्या.

उभी राहिले. आधी पांढरा दिसायला लागला, गळ्यातल्या माळेचे मोती, मग हळूहळू तांबडा, मग अंगाचा तो मऊ तपकिरी. सगळ्यात शेवटी आजूबाजूची दाट गर्दी, माणसं, झाडं, माकडं, आणि ती खाली झुकलेली नजर. फोननं हे सगळं एका झटक्यात सारख्याच उजेडात आणून ठेवलं होतं, त्यामुळे अंधारातून एकेक रंग वर येण्यातली जी गंमत आहे तीच निघून गेली. मग मी फोनमधली सगळी आपोआप होणारी सुधारणा बंद केली, एक्स्पोजर खाली आणलं आणि पुन्हा काढला. फोटो काळपट आला, पण मी जे बघितलं त्याच्या जवळचा आला.

हे रंग आले कुठून? ओल्या चुन्यावर काढलेली चित्रं नाहीत ही. आधी दगडावर माती, शेण, भाताचा भुसा कालवून गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट पदार्थात घोटलेले रंग. तांबडा म्हणजे गेरू, पिवळा म्हणजे पिवळी माती, काळा काजळीचा, हिरवा एका हिरव्या खनिजाचा, जे आपल्या दख्खनच्या दगडात सापडतं. मी मावशीला हे सांगत होते तर ती म्हणाली, "अगं, म्हणजे तुळशीला लावतो तोच गेरू ना." तोच! पायाखालच्या मातीतूनच जवळजवळ सगळी चित्रं उभी राहिलीत.

निळा तेवढा बाहेरचा. दुसऱ्या लेण्याच्या छताकडे मान वर करून बघा. तो निळा म्हणजे लाजवर्द नावाच्या निळ्या दगडाचा, आणि तो येत होता अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींमधून. नऊ आणि दहा नंबरच्या लेण्यांतली सगळ्यात जुनी चित्रं सातवाहनांच्या काळातली, त्यात हा निळा नाही, तो येतो पुढं पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या वेळच्या लेण्यांमध्ये. वाघोरा नदीच्या या आडबाजूच्या वळणावर एवढ्या लांबून दगड आणून, कुटून, घोटून छताला लावला, जिथं कोणी मान वर केल्याशिवाय दिसणारही नाही! मी तिथं बराच वेळ उभी होते, मावशी बाहेर पायरीवर जाऊन बसली तरी.

हे रंग इथून दुसरीकडे न्यायचा प्रयत्न किती जणांनी केला बघा. मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिलला 1844 मध्ये कंपनी सरकारनं या चित्रांच्या नकला करायला नेमलं, त्यानं वर्षानुवर्षं इथं राहून मोठाले कॅनव्हास रंगवले, ते लंडनला क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनाच्या इमारतीत लावले आणि 1866 च्या आगीत बहुतेक जळून गेले. कॅमेराही वापरला त्यानं, पण त्या काळचा कॅमेरा काळापांढरा, म्हणजे रंगांनी भारलेल्या माणसाच्या हातात बिनरंगाचं यंत्र. मग 1872 पासून जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या, त्यातल्याही कितीतरी 1885 मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. मला हे वाचल्यापासून त्या विद्यार्थ्यांचं फार वाईट वाटतं, वर्षानुवर्षं या अंधारात बसून मेहनत केलेली.

आणि अजून एक, फोटो काढणाऱ्यांनी तर लक्षात ठेवावंच असं. 1920 च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून जाणकार आणून चित्रं टिकवायचं काम केलं, तेव्हा लावलेलं लाखेचं व्हार्निश पुढं पिवळं पडलं. म्हणजे आपल्याला काही ठिकाणी जी सोनेरी-तपकिरी झाक आवडते आणि आपण फिल्टर लावून ती अजून वाढवतो, ती चित्रकाराची नाहीच.

संध्याकाळी घरी आलो. मावशीच्या घराची मागची खोली अजून चुन्याची आहे, चुन्यात नीळ टाकून दिलेला हात. इतक्या वर्षांत मी त्या भिंतीकडे कधी बघितलंच नव्हतं. कपड्याची पुडीतली नीळ म्हणजे कारखान्यात बनवलेला लाजवर्दच. 1826 च्या आसपास फ्रान्समध्ये गिमे नावाच्या माणसाला तो बनवायची रीत सापडली, आणि जो निळा बदख्शानहून यायचा तो किराणा दुकानात आला. मावशीला सांगितलं तर ती उठून भिंतीजवळ गेली, हात फिरवला, म्हणाली, "दिवाळीला पुडी जास्त पडली होती, म्हणून एवढी निळी झाली बघ."

दार उघडं होतं, उन्हाची शेवटची तिरीप भिंतीच्या खालच्या अर्ध्या भागावर आलेली, वरचा भाग सावलीत. सावलीतला निळा जास्त गडद होता, छतावरच्या त्या निळ्याच्या जवळचा. मी फोन काढला, पण आधी पाच मिनिटं नुसती उभी राहिले.