स्पॅनिशमधलं 'मलाही'

आज स्पॅनिशच्या वर्गात दुजोरा कसा द्यायचा ते शिकलो आणि मन खूश झालं. इंग्रजीत समोरच्याच्या वाक्यातलं सहाय्यक क्रियापद पकडावं लागतं. 'आय अ‍ॅम टायर्ड'ला 'सो अ‍ॅम आय', 'आय कॅन स्विम'ला 'सो कॅन आय', साध्या वर्तमानकाळाला 'सो डू आय'. नकार आला की 'सो'च्या जागी 'नीदर'. आणि हे सगळं बोलता बोलता! ('मी टू'वर भागतं, ते वेगळं.)

स्पॅनिशमध्ये ही कसरत नाही. 'त्राबाखो मुचो', म्हणजे मी खूप काम करतो, याला 'यो ताम्बिएन', म्हणजे मीही. पण 'मे गुस्ता लेएर', मला वाचायला आवडतं, याला 'आ मी ताम्बिएन', म्हणजे मलाही. नकार असेल तर दोन्हीकडे 'ताम्बिएन'च्या जागी 'ताम्पोको'. इंग्रजीवरून येणारे इथे हमखास अडखळतात. आपण कशाला अडखळू? 'मीही' कुठे आणि 'मलाही' कुठे, हे मराठी माणसाला कुणी शिकवावं लागत नाही! वर्गात कुणीतरी म्हणालं, 'नो मे गुस्ता एस्पेरार', वाट बघायला आवडत नाही. माझ्या तोंडून लगेच 'आ मी ताम्पोको' निघालं.

थेट मराठीतून स्पॅनिश शिकवणारं कुणी माहीत असेल तर नक्की कळवा.